आधी नकाशा फिरवा!

इंग्लंडमध्ये पाच ते सात वर्षांच्या मुलांना चार मुख्य दिशा शिकवायच्या, हे अभ्यासक्रमातच आहे. पुढच्या वर्गांत आठ दिशा आणि नकाशावरच्या चौकटींचे आकडे येतात. पण वर्गातलं पाठांतर वेगळं आणि रानात वाट शोधणं वेगळं. यॉर्कशरमधल्या आमच्या गावात शनिवारी लहान मुलांचा एक गट जमतो, तिथे मी मदतीला जाते.

होकायंत्र पहिल्या दिवशी हातात द्यायचंच नाही. (मराठीत कंपास म्हटलं की आपल्याला भूमितीची पेटीच आठवते, म्हणून होकायंत्र!) आधी टेबलावर कप, चमचा, पुस्तक मांडायचं. वरून पाहिलं तर काय दिसेल, ते काढा. कपाचा नुसता गोल झाला की मुलं खुदकन हसतात, आणि नकाशा म्हणजे काय ते कळलेलं असतं.

मग खरा धडा. सुईचं लाल टोक उत्तर दाखवतं. नकाशावरची उत्तर त्या बाजूला येईपर्यंत नकाशा फिरवायचा. आपण वळलो तरी नकाशाने वळायचं नाही. अक्षरं उलटी दिसली तरी चालेल. मुलांना हे पटकन जमतं. अवघड जातं ते आई-बाबांना. आणखी एक, मोबाईल लांब ठेवा, नाहीतर सुई भलतीकडेच जाते. अंगठा सतत ‘आपण इथे आहोत’ त्या जागेवर.

‘सूर्य पूर्वेला उगवतो’ हे मात्र इथे जरा जपून सांगावं लागतं. जूनमध्ये साताऱ्याहून सासूबाई आल्या होत्या. पहाटे साडेचारला खिडकीत उभ्या राहून म्हणाल्या, "अगं, हा तर ईशान्येला उगवलाय!" अगदी बरोबर. आपल्याकडेही तो उत्तरेकडे सरकतो, पण इतका नाही. डिसेंबरात इथे तो आग्नेयेला उगवतो. माझ्या सात वर्षांच्या लेकीला नवल वाटलं ते त्या शब्दांचं. इंग्रजीत दोन दिशा जोडून तिसरी करतात, आपल्याकडे प्रत्येक कोपऱ्याला स्वतंत्र नाव! आजीने ईशान्येला देवघर, आग्नेयेला स्वयंपाकघर असं घर काढून चारही पाठ करून घेतली.

त्याच आठवड्यात आम्ही डेल्सच्या डोंगरात गेलो. मोबाईलला रेंज नाही, हातात १:२५,००० चा नकाशा, म्हणजे चार सेंटिमीटरला एक किलोमीटर. आज वाट लेक दाखवणार, असं ठरलं होतं. एका दगडी कुंपणापाशी दोन पायवाटा फुटल्या. बाबाला उत्तर माहीत होतं, सांगायला तोंड शिवशिवत होतं. मी त्याला डोळ्यांनीच दटावलं. चांगली दोन मिनिटं गेली. तिने नकाशा फिरवला, अंगठा टेकवला, सुईकडे पाहिलं.

"आजी, आपल्याला नैऋत्येला जायचंय," ती म्हणाली आणि निघाली. सासूबाई गुडघे सांभाळत तिच्या मागे.