रिपोर्टात 'ईबीव्ही' आला म्हणजे काय?

लिम्फोमाच्या, म्हणजे लसिकापेशींच्या कॅन्सरच्या, काही रुग्णांच्या फायलीत 'ईबीव्ही डीएनए पीसीआर' नावाचा एक रिपोर्ट असतो. त्यावरचा आकडा पाहून कोणाचं धाबं दणाणतं, तर 'निगेटिव्ह' वाचून कोणी पेढे वाटायच्या बेतात असतो. दोघांचीही घाई होते.

गैरसमज : हा विषाणू अंगात आहे, म्हणजे कॅन्सर होणारच.

ईबीव्ही म्हणजे एपस्टाईन-बार विषाणू. जगातल्या ९० टक्क्यांहून अधिक प्रौढांच्या शरीरात तो असतो. तो बहुधा लहानपणी लाळेवाटे येतो आणि बी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींमध्ये जन्मभर दबून राहतो. १९६४ साली अँथनी एपस्टाईन, इव्होन बार आणि बर्ट अ‍ॅचाँग यांनी युगांडातून आलेल्या बर्किट लिम्फोमाच्या पेशींमध्ये तो प्रथम पाहिला. तो कर्करोगकारक आहे हे खरं. पण लागण झालेल्यांपैकी फारच थोड्यांना कॅन्सर होतो. अँटीबॉडी चाचणी पॉझिटिव्ह आली, तर पूर्वी कधीतरी लागण झाली होती एवढंच कळतं.

गैरसमज : रक्तात विषाणू वाढलाय, मग विषाणूवरचं औषध द्या.

डॉक्टरांना सर्वाधिक वेळा समजावून सांगावा लागणारा मुद्दा हाच असावा. ईबीव्हीमुळे होणाऱ्या लिम्फोमात प्लाझ्मामध्ये, म्हणजे रक्तपेशी वगळून उरणाऱ्या द्रवात, सापडतात ते मुख्यतः मरणाऱ्या गाठीच्या पेशींतून सुटलेले डीएनएचे तुकडे. अख्खे, जिवंत विषाणू नव्हेत. गाठ मोठी, तर तुकडेही सहसा जास्त. असायक्लोव्हिरसारखी औषधं विषाणूची वाढ चालू असेल तरच काम करतात, आणि गाठीच्या पेशींत तो बहुतांशी सुप्त असतो. आकडा उतरतो तो केमोथेरपी किंवा रेडिएशनने गाठ विरघळू लागल्यावर.

नमुना कोणता घेतला, हेही म्हणूनच महत्त्वाचं. पूर्ण रक्त तपासलं तर निरोगी बी-पेशींत दडलेला विषाणूही मोजला जातो. गाठीचा अंदाज घ्यायला प्लाझ्मा अधिक उपयोगी.

गैरसमज : आकडा जास्त, म्हणजे आशा संपली.

पूर्व आशियात अधिक आढळणारा, बहुधा नाकात सुरू होणारा एनके/टी-सेल लिम्फोमा घ्या. त्याच्या जवळजवळ प्रत्येक गाठीत ईबीव्ही असतो. उपचारांआधी प्लाझ्मात डीएनए जास्त असेल, तर आजार बहुधा पसरलेला असतो. उपचारांनंतरही तो सापडत राहिला, तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. २०१६ मध्ये मांडलेल्या 'पिंक-ई' निर्देशांकात म्हणूनच पाच घटक आहेत: साठीपुढचं वय, तिसरी-चौथी स्टेज, नाकाबाहेरचा प्रकार, दूरच्या लसिकाग्रंथींत प्रसार आणि रक्तातला ईबीव्ही डीएनए. मात्र पाचांपैकी फक्त डीएनए पॉझिटिव्ह असेल, तर तो रुग्ण कमी जोखमीच्याच गटात राहतो! आणि हे गटाचं भाकीत आहे, कुणा एकाचं भविष्य नव्हे.

हॉजकिन लिम्फोमातही उपचारांआधी प्लाझ्मात हा डीएनए आढळलेल्यांमध्ये उपचार अपयशी ठरण्याचं प्रमाण जास्त दिसलं आहे. आपल्याकडे हे लक्षात ठेवण्याजोगं, कारण भारतात, विशेषतः मुलांच्या हॉजकिनमध्ये, ईबीव्ही असण्याचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा बरंच अधिक आहे.

गैरसमज : रिपोर्ट निगेटिव्ह, म्हणजे आजार गेला.

गाठीत मुळात ईबीव्ही नसेल, तर हा रिपोर्ट आजाराबद्दल काहीच सांगत नाही. सर्वाधिक आढळणाऱ्या डिफ्यूज लार्ज बी-सेल लिम्फोमाच्या बहुतेक गाठींत तो नसतोच. गाठ ईबीव्हीची असली तरी थोड्या उरलेल्या पेशी निसटू शकतात, म्हणून पेट स्कॅन टळत नाही.

गैरसमज : कुठल्याही लॅबचे आकडे जुळवून पाहता येतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये प्रमाण नमुना ठरवून दिला, तरी वेगवेगळ्या लॅबच्या आकड्यांत फरक राहतात. त्यामुळे तपासण्या शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. आणि आकड्यावरून काळजी करण्याआधी डॉक्टरांना दोन प्रश्न विचारा: गाठीत ईबीव्ही आहे का हे दाखवणारी, बायोप्सीवरची 'ईबर' चाचणी पॉझिटिव्ह होती का, आणि हा नमुना प्लाझ्माचा आहे की पूर्ण रक्ताचा?