नियंत्रण रोहित्राची निवड व जोडणी : उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत वसलेल्या निर्वासितांच्या वसाहतीस १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव मिळाले. कॅम्प १ ते ५ मध्ये आणि लगतच्या अंबरनाथ, बदलापूर औद्योगिक वसाहतींत लघुउद्योगांचे जाळे आहे. अशा उद्योगांत देशी यंत्रांबरोबर वापरलेली परदेशी यंत्रेही येऊ शकतात. आपला थ्री-फेज पुरवठा ४१५ व्होल्ट, ५० हर्ट्झ असतो, तर अमेरिकन यंत्र बहुधा ४८० व्होल्ट, ६० हर्ट्झचे असते. ही तफावत कंट्रोल ट्रान्सफॉर्मर, म्हणजेच नियंत्रण रोहित्र, निवडताना विचारात घ्यावी लागते.

गरज :
कॉन्टॅक्टरची कॉइल फेज व न्यूट्रल यांत जोडल्यास न्यूट्रल तुटताच तिच्यावरील दाब अनियंत्रित होतो. नियंत्रण रोहित्र दोन फेजमधून पुरवठा घेऊन ११० व्होल्टचे स्वतंत्र मंडल देते. म्हणूनच आयईसी ६०२०४-१ हे मानक स्वतंत्र वेटोळ्यांच्या रोहित्राचा आग्रह धरते.

क्षमतेची निवड :
समजा, तीन कॉन्टॅक्टर धरून ठेवताना प्रत्येकी १० व्हीए व ओढून घेताना ७० व्हीए घेतात आणि दिव्यांचा भार १० व्हीए आहे. सततचा भार ४० व्हीए होतो. मात्र दोन कॉन्टॅक्टर चालू असताना तिसरा ओढला गेला, तर क्षणिक भार ७० + २० + १० = १०० व्हीए होतो. त्या क्षणी कॉइलचा दाब ८५ टक्क्यांखाली जाता कामा नये. अन्यथा कॉन्टॅक्टर थरथरतो व त्याचे संपर्कबिंदू जळतात. म्हणून केवळ सततच्या भारावरून निवड करू नये.

जोडणी :
अमेरिकन रोहित्रात २४० व्होल्टची दोन प्राथमिक वेटोळी असतात : एच-१ ते एच-२ आणि एच-३ ते एच-४. एच-२ व एच-३ जोडल्यास ती एकसर होऊन ४८० व्होल्टसाठी सिद्ध होतात. एच-१ ला एच-३ व एच-२ ला एच-४ जोडल्यास ती समांतर, २४० व्होल्टसाठी होतात. आपल्या ४१५ व्होल्टवर एकसर जोडणीच योग्य होय. दुय्यम बाजूस १२० ऐवजी सुमारे १०४ व्होल्ट मिळतात. ११० व्होल्टच्या कॉइलला ते ९४ टक्के, म्हणजे पुरेसे आहेत. गाभ्यातील चुंबकीय प्रवाह व्होल्ट व हर्ट्झ यांच्या गुणोत्तरावर ठरतो. ते ८ वरून ८.३ होते, वाढ चार टक्क्यांहून कमी आहे. याउलट, केवळ ६० हर्ट्झसाठी बांधलेले रोहित्र समांतर जोडून २४० व्होल्ट, ५० हर्ट्झवर चालविल्यास हे गुणोत्तर ४ वरून ४.८ होते. वीस टक्के वाढीने गाभा संपृक्त होऊन रोहित्र तापते. समांतर जोडणीवर चुकून ४१५ व्होल्ट दिल्यास ते जळणारच. वेटोळ्यांची दिशा उलटी झाल्यासही शॉर्टसर्किटसारखी स्थिती उद्भवते. म्हणून प्रथम चाचणी सिरीज दिव्यातून घ्यावी.

सुरक्षितता :
दुय्यम वेटोळ्याचे एक टोक अर्थ करावे व सर्व कॉइलची एकेक बाजू थेट त्याच टोकाला जोडावी. स्टॉप बटण व फ्यूज दुसऱ्या, अर्थ न केलेल्या तारेत असावेत. बटणे अर्थच्या बाजूस असल्यास तार यंत्राच्या सांगाड्याला लागताच स्टॉप बटण निष्फळ ठरते किंवा यंत्र आपोआप सुरू होते. तेव्हा कामगाराचा हात साच्यात असू शकतो.

निष्कर्ष :
रोहित्राची निवड व्होल्टेज, वारंवारता व क्षणिक भार या तिन्हींवर अवलंबून असते. प्रात्यक्षिकाच्या तासाला विद्यार्थ्यांकडून नामपट्टीचे वाचन व हे गणित करून घेतल्यास त्याचा लाभ थेट परिसरातील कार्यशाळांना होईल.