करार न मोडणारा
नाताळच्या निमित्ताने नित्यपाठाचे चिंतन

आज नाताळ. वसईच्या किनाऱ्यावरील गावांत, गोमंतकातील वाड्यावाड्यांत, मुंबईच्या वांद्रे-माहीम भागात आणि अहिल्यानगर-जालन्याकडील खेड्यांत आज चर्चच्या घंटा वाजतील. दारोदारी चांदण्या झळकतील आणि गोठ्यात जन्मलेल्या बाळाचे देखावे पाहण्यास शेजारपाजारची हिंदू मुलेही आवडीने जातील. शेजारधर्म म्हणून फराळाचे ताट आपल्या घरीही येईल. परंतु ज्या ग्रंथामुळे हा सण आहे, त्या ग्रंथाशी आपला परिचय बहुधा त्या गोठ्याच्या दारापाशीच थांबतो. गेली काही वर्षे आमच्या नित्यपाठात ज्ञानेश्वरीच्या शेजारी बायबलाचीही दोन पाने असतात. त्या वाचनातून जे मनात साठले, त्यातील थोडे आजच्या पर्वदिनी वाचकांपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

वंशावळीतील काळे डाग

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा आरंभ गोठ्याने होत नाही, ताऱ्यानेही होत नाही. तो होतो एका वंशावळीने. अब्राहामापासून दावीद राजापर्यंत चौदा पिढ्या, दावीदापासून बाबेलच्या हद्दपारीपर्यंत चौदा आणि तेथून ख्रिस्तापर्यंत चौदा. कॅथलिक चर्चच्या आजच्या पाठक्रमात ही वंशावळ १७ डिसेंबरला आणि पुन्हा नाताळच्या पूर्वसंध्येच्या उपासनेत वाचली जाते. प्रथमदर्शनी ती नावांची कंटाळवाणी यादी वाटते. पण ज्याने जुना करार वाचला आहे, त्याला त्या यादीत एकेका नावापाशी थबकावे लागते.

त्यात याकोब आहे, ज्याने आंधळ्या बापास फसवून थोरल्या भावाचा आशीर्वाद लाटला. यहूदा आहे, ज्याने विधवा सुनेला तिचा न्याय दिला नाही आणि ती आपल्यापेक्षा अधिक नीतिमान आहे, हे अखेर स्वतःच्या तोंडाने कबूल केले. त्या सुनेचे, तामारेचे, नावही तेथे आहे. यरीहो नगरातील गणिका राहाब आहे. सासूची साथ न सोडणारी रूथ आहे. ती निर्दोष, पण परक्या मवाबी कुळातील. दावीदाच्या नावापाशी तर लेखकाने बथशेबेचे नाव न घेता ‘उरीयाची बायको’ असा उल्लेख करून राजाच्या पापाची खूण जाणूनबुजून राखली आहे. पुढे मनश्शे राजा आहे, ज्याने यरुशलेमात निरपराधांचे रक्त सांडले.

पूज्य पुरुषाचे चरित्र सांगताना त्याच्या पूर्वजांची पुण्याई गावी, ही लोकरीत आहे. येथे मात्र डाग झाकलेले नाहीत. आपल्या महाभारतातही व्यासांनी स्वतःच्या कुळाची वैगुण्ये लपविली नाहीत. धर्मराजाचे अर्धसत्यसुद्धा तेथे जसेच्या तसे नोंदले आहे. थोर ग्रंथांची ही एक ओळखच म्हणावी लागेल. मात्र मत्तयाच्या यादीमागे एक विशेष सांगणे आहे: माणसे पिढ्यानुपिढ्या चुकली, तरी अब्राहामाला दिलेला शब्द देवाने मागे घेतला नाही.

‘करार’ या शब्दाचा अर्थ

बायबलाच्या दोन भागांना मराठीत जुना करार आणि नवा करार म्हणतात. करार म्हटला की दोन पक्ष आले, अटी आल्या आणि एका पक्षाने अट मोडली की दुसरा मोकळा, हा व्यवहारही आला. परंतु उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात अब्राहामाशी झालेला करार या व्यवहारात बसत नाही. बळीचे दोन भाग समोरासमोर ठेवून त्यांच्यामधून चालत जावयाचे, अशी करार करण्याची त्या काळची रीत होती. वचन मोडणाऱ्याची गत त्या बळीप्रमाणे व्हावी, असा तिचा भाव. सूर्य मावळला, अब्राहामास गाढ झोप लागली आणि त्या अंधारात धुमसती भट्टी व पेटती मशाल, म्हणजे देवाच्या सान्निध्याची चिन्हे, तेवढी त्या भागांमधून गेली. माणूस चाललाच नाही. वचनाचा सारा भार एकट्या देवाने स्वतःच्या माथी घेतला.

हिब्रू भाषेत या निष्ठेसाठी ‘एमुना’ असा शब्द आहे. स्थैर्य हा त्याचा मूळ अर्थ. प्रार्थनेच्या शेवटी ख्रिस्ती बांधव जे ‘आमेन’ म्हणतात, तेही त्याच धातूपासून आले आहे. निर्गमाच्या ग्रंथात हा शब्द एका विलक्षण जागी येतो. लढाई चालू असता मोशेने हात वर धरले की त्याच्या लोकांची सरशी होई आणि हात खाली आले की शत्रूची. हात तर थकणारच. मग त्याला धोंड्यावर बसवून अहरोन आणि हूर यांनी दोन्ही बाजूंनी त्याचे हात सावरून धरले, तेव्हा सूर्यास्तापर्यंत ते स्थिर राहिले. हे स्थिर राहणे म्हणजे एमुना. माणसाची निष्ठा दुसऱ्यांनी सावरल्यावाचून टिकत नाही, हे त्या ग्रंथाला पुरते ठाऊक आहे. न थकणारी निष्ठा तो देवाच्याच ठायी पाहतो.

रोजच्या पाठाची रीत

बायबल हा एक ग्रंथ नव्हे, ग्रंथालय आहे. प्रॉटेस्टंट परंपरेत त्यात ६६ पुस्तके आणि ११८९ अध्याय आहेत; कॅथलिक बायबलात पुस्तके ७३. रोज तीन-चार अध्याय वाचले तर वर्षभरात एक आवृत्ती होते. स्कॉटलंडमधील डंडी येथील रॉबर्ट मरे मॅकशेन या तरुण धर्मोपदेशकाने १८४२ मध्ये आपल्या मंडळीसाठी असे वार्षिक कोष्टक तयार केले. त्यात जुना करार एकदा, तर नवा करार आणि स्तोत्रे दोनदा वाचून होतात. आजही अनेक घरांत ते वापरले जाते.

स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांचा क्रम तर आपल्या सप्ताहाची आठवण करून देणारा आहे. सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठांसाठी जी नियमावली लिहिली, तीत आठवड्यातून एकदा सर्व स्तोत्रे म्हणून व्हावीत, असा दंडक घातला. पूर्वीचे तपस्वी ती एका दिवसात म्हणत; आपण मंद आहोत, तेव्हा निदान आठवड्यात तरी पुरी करावीत, असे त्यांचे म्हणणे. माणसाचे उणेपण मान्य करून, पण नेम न सोडता बसविलेली ही रीत आम्हांस फार शहाणपणाची वाटते. इंग्लंडच्या चर्चने पुढे आपल्या प्रार्थनाग्रंथात हीच स्तोत्रे महिन्याच्या तीस दिवसांत, सकाळ-संध्याकाळ अशी वाटून दिली.

अंधारात संपणारे स्तोत्र

या तीस दिवसांच्या वाटणीत सतरावा दिवस आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशी सकाळच्या पाठात शेवटी ८८ वे स्तोत्र येते. बहुतेक दुःखाच्या स्तोत्रांत अखेरीस आशेचा किरण दिसतो. या स्तोत्रात तो दिसत नाही. आर्त भक्त रात्रंदिवस हाका मारतो, सोयरे दूर झाल्याचे सांगतो आणि स्तोत्र अंधारातच संपते. त्याच दिवशी सायंकाळी ८९ वे स्तोत्र असते. त्याचा आरंभ देवाच्या निष्ठेच्या गायनाने होतो. दावीदाच्या वंशजांनी आज्ञा मोडल्या तर त्यांना शासन होईल, पण दावीदाला दिलेला शब्द मोडला जाणार नाही, असा त्यातील आशय. आणि तरीही पुढे तेच स्तोत्र देवाला जाब विचारते, की राजमुकुट धुळीस मिळाला, मग ती पूर्वीची दया कोठे गेली?

आवडीचे तेवढे वेचून वाचणारा हे स्तोत्र टाळील. क्रमाने वाचणाऱ्याला ते टाळता येत नाही. नित्यपाठाचे मोठे महत्त्व आम्हांस येथे दिसते. ज्या दिवशी मन प्रसन्न आहे, त्या दिवशीही दुःखिताची हाक आपल्या तोंडून निघते. आणि ज्या दिवशी घरावर आकाश कोसळलेले आहे, त्या दिवशी आपली तक्रार आधीच कोणीतरी पवित्र ग्रंथात लिहून ठेवलेली आढळते. देवाशी भांडणे हाही भक्तीचा भाग आहे, हे मराठी माणसाला सांगावयास नको. विठ्ठलाशी भांडणारे संत आपल्या घरचेच आहेत.

क्षमा आहे, सवलत नाही

देव वचन पाळतोच, तर माणसाने कसेही वागावे काय? बायबल या प्रश्नाला दावीदाच्या कथेने उत्तर देते. राजाने उरीयाची पत्नी हिरावली आणि उरीयाला लढाईत मरण्यास धाडले. नाथान संदेष्ट्याने एका गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगून त्याचा अपराध त्याच्याच तोंडी वदविला. राजाला क्षमा मिळाली, पण मूल दगावले आणि पुढे घरात कलहाची आग लागली ती लागलीच. कर्माचे फळ चुकले नाही. चुकला नाही तो देवाचा हातही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे त्या कथेचे सार आम्ही मानतो.

नव्या करारात पेत्राची कथा अशीच आहे. गुरूला पकडल्यावर महायाजकाच्या अंगणात निखाऱ्यांपाशी शेकत उभ्या असलेल्या पेत्राने ‘मी त्याला ओळखत नाही’ अशा अर्थाचा नकार तीन वेळा दिला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस पुनरुत्थित ख्रिस्त तलावाकाठी त्याला भेटतो, तेव्हाही तेथे निखारे पेटलेले आहेत. मूळ ग्रीक नव्या करारात निखाऱ्यांच्या शेकोटीसाठीचा हा शब्द या दोनच ठिकाणी आला आहे. तेथे गुरू त्याला दोष देत नाही; ‘माझ्यावर तुझी प्रीती आहे काय’ एवढेच तीनदा विचारतो आणि प्रत्येक उत्तरानंतर मेंढरांची राखण त्याच्यावर सोपवितो. तीन नकारांस तीन संधी. भागवतातील अजामिळाची कथा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना या करुणेची जात ओळखीची वाटेल. दोन्ही कथांचे तत्त्वज्ञान निराळे आहे, हे आम्ही विसरत नाही. पण घसरलेल्यास हात देणारा कोणी आहे, ही ग्वाही दोहोंत आहे.

मराठीचे ऋण

हा ग्रंथ मराठीला परका राहिलेला नाही. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आपल्या पुराणांच्या धाटणीवर रचलेला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक आपली वाट तुकोबांच्या सेतूवरून गेल्याचे मानीत. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुरे केले. आमच्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठी वाचकांच्या हाती दिले.

पंडिता रमाबाईंचे नाव येथे वेगळे घ्यावयास हवे. त्यांच्या धर्मांतरावरून महाराष्ट्रात कडवट वाद झाले आणि त्या वादाची धग अनेक वर्षे राहिली, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरणाऱ्या अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या या कन्येने आईकडून संस्कृत शिकून जो पाठाचा नेम अंगी बाणविला, तो जन्मभर सोडला नाही. दुष्काळाने आईबाप हिरावले, पुढे पती गेले, अखेरीस १९२१ मध्ये एकुलती एक मनोरमाही गेली. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी साध्यासुध्या बायकांना समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबल उतरविण्यास घेतले. केडगावच्या मुक्तिसदनातील छापखान्यात तेथील स्त्रियांच्या हातून ते छापले गेले. रमाबाई १९२२ मध्ये निवर्तल्या. ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. पंथाविषयी ज्याचे त्याचे मत असो. इतके आघात सोसून पाठ न सोडणाऱ्या त्या निष्ठेपुढे मस्तक लववावे, असेच आम्हांस वाटते.

खंडित पाठाचे काय?

आपल्या घरोघरी हरिपाठ आहे, दासबोधाचे समास आहेत, गुरुचरित्राचा सप्ताह आहे. घरात आजारपण येते, सुतक येते, नोकरी जाते, आणि नेम खंडित होतो. मग घरच्या बाईच्या मनात हुरहुर लागते की पाठात खंड पडला म्हणून देव रुसला असेल. तो विचार मनात एकदा रुजला की पोथी पुन्हा उघडण्याचेच भय वाटू लागते आणि काही दिवसांचा खंड काही वर्षांचा होतो. नेमाची खरी हानी चुकलेल्या दिवसाने होत नाही. ती या भयाने होते.

बायबलाच्या वाचनातून आम्ही जे घेतले ते या भयावरचे औषध होय. पाठ हा माणसाने देवाला दिलेला हप्ता नव्हे, की थकला म्हणून जप्ती यावी. आधी शब्द त्याने दिलेला आहे. आपण रोज पान उघडतो ते तो शब्द ऐकण्यासाठी. ऐकणारा चार दिवस आला नाही म्हणून बोलणाऱ्याचे बोलणे खोटे ठरत नाही. पोथीतील खूण जेथे होती, तेथेच ती असते.

तेव्हा ज्या घरातील पोथी काही काळ फडक्यात बांधलेली आहे, तेथे ती आज सोडावी. मागचा हिशेब न मांडता आजचा अध्याय वाचावा. शेजारच्या ख्रिस्ती घरातून फराळ येईल तेव्हा त्यांनाही एकदा विचारावे की आज त्यांच्याकडे काय वाचले गेले. वाचकांस व त्यांच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांस हे पर्व शांतीचे जावो आणि आपल्या थकणाऱ्या हातांना सावरणारे हात घरोघरी लाभोत, हीच प्रभुचरणी प्रार्थना.