खिडक्यांमधल्या नव्या भिंती

लिनक्सवर ऑनलाइन मीटिंगमध्ये स्क्रीन दाखवायला गेलं, की हल्ली आधी एक चौकट उघडते : कोणती खिडकी दाखवायची? ही शिस्त पडद्यावर खिडक्या मांडणाऱ्या ‘वेलँड’ या नव्या व्यवस्थेची.

हेच काम करणारी जुनी ‘एक्स’ प्रणाली १९८४ साली एमआयटीत जन्मली. तिचा कारभार सामायिक गॅलरीच्या चाळीसारखा, सगळ्यांना सगळ्यांचं दिसणार. एखादा साधा गेमही दुसऱ्या खिडकीत टाइप होणारा पासवर्ड टिपू शकतो. २००८ मध्ये सुरू झालेल्या वेलँडमध्ये प्रत्येक प्रोग्रॅम फक्त आपलं चित्र रंगवतो. ती सगळी जुळवून पूर्ण फ्रेम पडद्यावर पाठवतो तो ‘कंपोझिटर’. अर्धवट फ्रेम दिसतच नाही, म्हणून व्हिडिओ मधोमध फाटल्यासारखा होत नाही.

मग वेलँड रोजच्या वापराला चालेल? बहुतेकांना, निःसंशय.

फेडोरा या लिनक्स-वितरणाने २०१६ मध्येच ते स्वीकारलं. उबुंटू या दुसऱ्या वितरणाने २०१७ मध्ये घेतलं, पुढच्याच आवृत्तीत माघार घेतली आणि २०२१ मध्ये पुन्हा आणलं. एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डांवर चित्र लुकलुकण्याची तक्रार २०२४ च्या ड्रायव्हरनंतर बरीच ओसरली. जुने प्रोग्रॅम ‘एक्सवेलँड’च्या आधाराने चालतात.

दुखणं उरलं ते दृष्टिहीनांच्या स्क्रीन रीडरचं. त्याला इतर खिडक्यांत दाबलेल्या कळाही कळाव्या लागतात आणि वेलँड नेमकं तेच रोखतं. खरं तर ही सोय सर्वांत आधी व्हायला हवी होती. नोम डेस्कटॉपमध्ये तिची वाट २०२५ मध्ये मोकळी झाली.