सण परदेशात, तयारी देवळीच्या गच्चीवर

वर्धा जिल्ह्यातील देवळी परिसरात सणावाराचा स्वयंपाक शेताच्या हंगामावर चालतो. श्रावण अमावास्येला पोळा, दुसऱ्या दिवशी लाकडी बैलांचा तान्हा पोळा, भाद्रपदात महालक्ष्म्या, हिवाळ्यात हुरडा नि सांबारवडी, उन्हाळ्यात आंब्याच्या रसासोबत सरगुंडे. इथली मुलंमुली न्यू जर्सी, दुबई किंवा मेलबर्नला स्थायिक झाली की तिथल्या ऋतूंशी हा क्रम जुळत नाही. मेलबर्नमध्ये तर पोळा थंडी सरताना येतो आणि संक्रांत भर उन्हाळ्यात. त्यामुळे परदेशातल्या सणांची तयारी सणाच्या आठवड्यात सुरू करून भागत नाही. ती एप्रिल-मेमध्ये इथल्या गच्चीवर, वाळवणाच्या दिवसांतच सुरू होते.

कुरडयांचे उदाहरण घ्यावे. गहू रोज पाणी बदलत तीन दिवस भिजवतात, वाटून चीक काढतात, तो निवळला की वरचे पाणी ओतून देतात आणि चीक शिजवून गरम असतानाच सोऱ्यातून पाडतात. वैशाखाच्या उन्हात कुरडया कडकडीत वाळतात. ओल उरत नाही, म्हणून बुरशी धरत नाही. सरगुंड्यांचेही तसेच: कणकेच्या बारीक वळ्या काडीवर गुंडाळून वाळवायच्या आणि खाण्याच्या दिवशी पाण्यात शिजवायच्या. असे जिन्नस वजनाला हलके, पण फार नाजूक; बॅगेत कपड्यांच्या घडीत, ताठ डब्यात बसवावे लागतात. सोबत समुद्रपूर तालुक्यातली वायगाव हळद जाते. तिला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

बाकीचे सामान परदेशातच, पण दुसऱ्यांच्या दुकानांत मिळते. आंबिलीला लागणारे ज्वारीचे पीठ गुजराती दुकानात ‘जुवार’ म्हणून असते. अमेरिकेत ज्वारीचे पीक मोठे आहे, मात्र तिथे ती माणसांच्या खाण्यात फारशी जात नाही. अंबाडीची भाजी तेलुगू दुकानात ‘गोंगुरा’ नावाने ताजी किंवा गोठवलेली मिळते. लाल अंबाडीच्या सरबताची वाळलेली बोंडे मेक्सिकन दुकानांत सर्रास विकली जातात, कारण तिथेही त्यांचे सरबत होते. आंबिलीचे पीठ ताकात आंबवायला देवळीत एक रात्र पुरते. थंड घरात ते आंबत नाही, म्हणून बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून भांडे आत ठेवतात.

महालक्ष्म्यांचा दिवसही तपासून घ्यावा लागतो. आवाहन अनुराधा, पूजन ज्येष्ठा आणि विसर्जन मूळ नक्षत्रावर होते. चंद्र नक्षत्रात शिरण्याचा क्षण जगभर एकच, घड्याळे मात्र वेगळी. देवळीत पहाटे चारला ज्येष्ठा लागले, तर न्यूयॉर्कमध्ये तेव्हा आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. म्हणून आईने फोनवर सांगितलेली तारीख तशीच न घेता तिथल्या गावाचे पंचांग पाहणे बरे. तिथल्या मराठी मंडळांचे सामूहिक कार्यक्रम बहुधा शनिवार-रविवारी होतात. नोकरदारांना तेच सोयीचे.

खरी अडचण विमानतळावर येते. दिवाळीचे अनारसे खसखशीवर थापले जातात, पण संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेणे गुन्हा आहे. थोडीशी सापडली तरी अटक होऊ शकते. अमेरिकेत ताजा कढीपत्ता नेता येत नाही, कारण त्यावरच्या किडीतून लिंबूवर्गीय झाडांचा रोग पसरतो. ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, तेव्हा वर्ध्याचा गोरसपाक किंवा पेढे नेण्याआधी विचार करावा. ऑस्ट्रेलियात अन्नच काय, तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैलसुद्धा अर्जात नोंदवावा लागतो.

एक पदार्थ मात्र कोणत्याच वाटेने जात नाही. हुरडा म्हणजे ज्वारीचे दुधाळ, कोवळे दाणे. त्यांतली साखर दिवसागणिक स्टार्चमध्ये बदलते, म्हणून कणीस शेतातच भाजून लगेच खायचे असते. ज्यांना तो खायचा आहे, त्यांनी सुटी दिवाळीऐवजी जानेवारीत घ्यावी.