रात्री तोंड उघडं, सकाळी मिश्री; दातांचं दुखणं सुरू होतं इथूनच

उत्रोली (ता. भोर) : सकाळी उठल्यावर तोंडाला कोरड, जीभ टाळ्याला चिकटलेली, वर तोंडाला वास. घरात कुणी म्हणतं पित्त झालं, कुणी म्हणतं पोट साफ नाही. बऱ्याचदा कारण साधं असतं. माणूस रात्रभर तोंडाने श्वास घेत झोपलेला असतो.

लाळ ही दातांची राखणदार. दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. ती अन्नाचे कण धुते, जंतूंनी तयार केलेलं आम्ल सौम्य करते. झोपेत ती आपोआप कमी होते आणि तोंड उघडं राहिलं की उरलीसुरलीही वाळते. मग रात्रीच्या चहा-बिस्किटाची साखर दातांवर तशीच राहते, जंतूंना रान मोकळं. म्हणून रात्री झोपताना दात घासणं सकाळच्यापेक्षाही गरजेचं. आपल्याकडे नेमकं तेच राहून जातं.

नाकाचं काम वेगळंच. ते हवा गाळतं, गरम करतं, ओलावा देतं. चुलीच्या धुरात नि भातझोडणीच्या धुळीत राबणाऱ्याला हे जास्त लागू. नाकाशेजारच्या पोकळ्यांत तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू श्वासाबरोबर फुफ्फुसात जातो आणि तिथल्या रक्तवाहिन्या सैल करतो. गुणगुणताना नाकातून बाहेर पडणारा हा वायू सुमारे १५ पट वाढतो, असं स्वीडनच्या संशोधकांनी २००२ मध्ये दाखवलं. भ्रामरी करणाऱ्यांना हे ऐकून बरं वाटेल. पण त्यावर विसंबून दम्याची किंवा बीपीची गोळी बंद करू नये.

लहान मूल रोज तोंड उघडं ठेवून झोपत असेल, घोरत असेल तर ‘सवयच आहे त्याची’ म्हणून सोडू नका. नाकामागची गाठ, म्हणजे ॲडेनॉइड, वाढलेली असू शकते. वर्षानुवर्षं असं राहिलं तर वरचा जबडा अरुंद होतो, दात पुढे येतात. कान-नाक-घसा डॉक्टरांना दाखवावं. मोबाईलवर बघून तोंडाला चिकटपट्टी लावण्याचा उद्योग मात्र नको. नाक बंद असेल तर ते धोक्याचं आहे.

आता मिश्री. तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली ही तंबाखूच, तिला दंतमंजन समजणं चूक. दाढ दुखते म्हणून बाई पहिल्यांदा लावते, घटकाभर बरं वाटतं, मग मिश्रीशिवाय सकाळी परसाकडेही होत नाही. दुखणाऱ्या दाढेची कीड आत चालूच राहते. मुंबईत १२१७ गरोदर महिलांच्या पाहणीत, ज्यात तंबाखूवाल्या बहुतेकजणी मिश्रीच लावत होत्या, त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. बाळंतपण वेळेआधी होण्याचं प्रमाणही जास्त आढळलं. हा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. घरातल्या सुनेला ‘थोडीशी लाव, काही होत नाही’ सांगणाऱ्या सासूबाईंनी हे जरूर वाचावं.

एकदम सुटत नाही, हे खरं. डोकं दुखतं, चिडचिड होते. पहिला आठवडा सगळ्यात जड. केंद्र सरकारची १८०० ११ २३५६ ही मोफत हेल्पलाइन त्यासाठीच आहे. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पूर्वीसारखं उघडेना, किंवा दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर दुखत नसलं तरी भोरच्या सरकारी दवाखान्यात दाखवून यावं. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखत नाही.