नंबर कोणाचा, लागतो कधी

पहाटे पाच. ऊसतोड कामगाराचा फोन लागण्याची खात्रीची वेळ हीच. यानंतर टोळी फडात उतरते, मोबाइल कोपीत राहतो आणि रात्री गाडी भरून माणूस परततो तोवर बॅटरी उतरलेली असते.

मार्च 2021 सुरू आहे. गंगाखेड तालुक्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात माझ्याकडे शिष्यवृत्तीचं टेबल आहे. आम्ही नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न. 15 फेब्रुवारीला सरकारने पन्नास टक्के उपस्थितीत वर्ग सुरू करायला परवानगी दिली, पोरं चार दिवस दिसली, आणि कोरोनाचे आकडे वाढू लागताच वर्ग पुन्हा ओस पडले. वर्ग मोबाइलवर भरवता येतात. शिष्यवृत्तीचा अर्जही ऑनलाइनच आहे, महाडीबीटीच्या पोर्टलवर. मग अडचण कुठे आहे, असं शहरातले नातेवाईक विचारतात.

अडचण आत्ता माझ्या कानाला लागलेल्या फोनवर आहे. बी.ए.च्या पहिल्या वर्षाची एक मुलगी राणीसावरगावच्या पलीकडच्या डोंगरपट्ट्यात आजीजवळ राहते. आईबाप ऊसतोडीला सांगलीकडे गेलेत. पोर्टलवर प्रोफाइल उघडायचं तर आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी जातो. तिचं आधार ती लहान असताना काढलेलं, त्याला नंबर बापाचा. म्हणजे अर्ज परभणी जिल्ह्यात भरायचा आणि त्याची किल्ली सांगलीच्या उसात. दहा मिनिटांत सहा आकडे मिळाले नाहीत तर पुन्हा पहिल्यापासून.

माझ्या घरच्या लॅपटॉपवर मी तिचा आधार क्रमांक टाकून ठेवलाय. दिवसा पोर्टल अडकत अडकत चालतं, पहाटे बरं चालतं. ती मुलगी रेंजसाठी मारुतीच्या पाराजवळ येऊन उभी आहे. आधी तिला फोन लावला, मग बापाला, आणि दोघांना एकत्र जोडलं. असं का, ते बापाच्या बोलण्यातून लगेच कळतं.

"कोन बोलायलंय?"

"कॉलेजातून बोलतोय, मामा. तुमच्या मोबाइलवर आत्ता सहा आकडे आले असतील, तेवढे सांगा."

"बँकेतल्या साहेबानं सांगितलंय, आकडे कुनालाच सांगायचे न्हाईत मनून."

बरोबरच आहे त्यांचं. उचल घेऊन गेलेला माणूस आहे, खात्यातले हजार रुपये गेले तर हंगाम संपेपर्यंत भरून निघायचे नाहीत. अशा माणसाला पहाटे पाच वाजता कुणी अनोळखी आकडे मागत असेल तर त्याने ते देऊ नयेतच. मी गप्प राहतो. बोलायचं तिने.

"बापू, मी हाय. माझ्या कॉलेजाचंच काम हाय. सांगा सरला."

थोडा वेळ नुसता वाऱ्याचा आवाज. मग बाप कुणाला तरी उठवतो. त्यांना वाचता येत नाही. शाळा बंद असल्यामुळे धाकटा मुलगाही फडावरच आहे, तो वाचतो. एकेक आकडा, मध्ये थांबून, शाळेत पाढे म्हणतात त्या सुरात. सहाही आकडे बरोबर निघतात. प्रोफाइल उघडतं. बाप विचारतो, "झालं का?" मी म्हणतो, "झालं, मामा." पलीकडून मुकादमाची हाक ऐकू येते आणि फोन बंद होतो.

सकाळी आठ. माझ्याकडे एक लांबट वही आहे. त्यात नाव, गाव, वर्ग, प्रवर्ग हे रकाने सगळ्यांच्याच नोंदवह्यांत असतात. गेल्या वर्षभरात त्यात दोन रकाने वाढले: नंबर कोणाचा, आणि लागतो कधी. पहिल्यात कुठे 'चुलता' लिहिलंय, कुठे 'किराणा दुकान', 'आशाताई', 'मैत्रिणीचा भाऊ'. दुसऱ्यात 'रात्री नऊनंतर', 'फक्त रविवारी', 'लाइट असेल तर'. सरकारी पोर्टलवर या दोन रकान्यांना जागा नाही. मला विचाराल तर सगळ्या कामाची मेख या दोन रकान्यांतच आहे.

चहा घेता घेता त्या दिवशीची नावं काढतो. आज लावायचे फोन वेगळे, आज भेटायला बोलावलेले वेगळे. भेटायला कमीच बोलावतो. परळी-परभणी मार्गावरच्या पॅसेंजर गाड्या वर्षभर बंद आहेत. ज्या गावांची पोरं त्यांच्यावर अवलंबून होती त्यांना आता एसटी नाहीतर काळी-पिवळी, आणि तिचे पैसे रोजच्या खिशाला परवडणारे नाहीत.

दहा वाजता महाविद्यालयात. फाटकावर शिपाई ताप मोजतो, हातावर सॅनिटायझर देतो. माझ्या खिडकीपुढे दोरी लावली आहे. आठ-दहा पोरं चुन्याच्या गोलांत उभी आहेत. मास्कमुळे चेहरे ओळखू येत नाहीत, त्यामुळे सगळे आधी गावाचं नाव सांगतात.

पहिला मुलगा पालमकडचा. गेल्या वर्षीचे पैसे मंजूर झाल्याचं पोर्टल म्हणतं, पण याच्या बँकेत आले नाहीत. पासबुकावर शेवटची नोंद तीनशे रुपये काढल्याची. मी विचारतो, मध्ये नवीन सिमकार्ड घेतलं होतंस का? घेतलं होतं. दुकानदाराने अंगठा दोनदा घेतला होता का? आठवत नाही म्हणतो. असं खूपदा होतं. सिम देताना अंगठ्यावर एक पेमेंट बँकेचं खातंही उघडलं जातं आणि आधार त्याला जोडलं जातं. थेट लाभाची रक्कम खाते क्रमांक पाहून येत नाही, आधार ज्या खात्याला शेवटचं जोडलं गेलं तिथे येते. पोरगं आपल्या बँकेच्या रांगेत उभं राहून दमतं आणि पैसे भलतीकडेच पडून असतात. त्याला कागदावर लिहून देतो: आधार केंद्रावर किंवा बँकेत जाऊन सध्या कोणतं खातं जोडलेलं आहे ते बघ, मग बँकेत आधार जोडणीचा फॉर्म भर. तोंडी सांगितलेलं बँकेच्या दारापर्यंत जाईस्तोवर विसरतं, म्हणून लिहून.

रक्कम किती असते हेही सांगायला हवं. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत अनुसूचित जातीच्या, घरून येऊन-जाऊन बी.ए. करणाऱ्या विद्यार्थ्याला निर्वाह भत्ता मिळतो महिना 300 रुपये, वसतिगृहात राहणाऱ्याला 570. हे दर 2010 पासूनचे. शिवाय शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क. वरवर पाहणाऱ्याला ही रक्कम किरकोळ वाटेल. पण वर्षाचे तीन-साडेतीन हजार रुपये म्हणजे पोरीला घरून "यंदा राहू दे" असं न म्हटलं जाण्याचं कारण असतं. गेल्या डिसेंबरात केंद्र सरकारने या योजनेसाठी पाच वर्षांचे 59,048 कोटी रुपये मंजूर केले, त्यात 60 टक्के वाटा केंद्राचा आणि 40 टक्के राज्यांचा. चांगला निर्णय आहे. पैसे थेट विद्यार्थ्याच्या खात्यात द्यायचे, हेही त्यात आहे. तेव्हा खातं, आधार आणि मोबाइल या तिघांची गाठ कशी घट्ट बसते, ते आता पूर्वीपेक्षा जास्त बघावं लागणार.

साडेबाराला रांग संपते. उत्पन्नाचा दाखला राहिलेल्यांची यादी सेतू केंद्रात पाठवतो. जुना दाखला 31 मार्चपर्यंतच चालतो आणि तहसीलमध्ये माणसं कमी आहेत. पोर्टलची मुदत यंदा पुन्हा पुन्हा वाढली, त्यामुळे "अजून वाढेल" असं पोरं धरून चालतात. वाढेलही. पण मी कुणालाच तसं सांगत नाही.

दुपारी दोन ते चार, लिपिक लॉगिन. अर्जाची साखळी अशी: विद्यार्थ्याने भरला की माझ्याकडे, मग प्राचार्यांकडे, मग परभणीला समाजकल्याणच्या सहायक आयुक्त कार्यालयात. मी अर्ज पुढे पाठवू शकतो किंवा 'सेंड बॅक' करू शकतो. दाखल्याचा फोटो पुसट आला, टीसीऐवजी बोनाफाईड जोडलं, नावात फरक पडला, की अर्ज मागे जातो. मागे गेल्याचा निरोप विद्यार्थ्याच्या लॉगिनमध्ये, नाहीतर एसएमएसवर, तोही इंग्रजीत. फोन चुलत्याचा असेल तर तो एसएमएस चुलता वाचतो की पुसतो, कोण सांगणार? म्हणून मी अर्ज मागे पाठवायच्या आधी फोन करतो. फोन लागला, चूक सांगितली, पलीकडच्याने ती पुन्हा म्हणून दाखवली, की मग बटण दाबायचं. याने कामाला दुप्पट वेळ लागतो. पण ज्याला मागे पाठवल्याचं कळलंच नाही असा अर्ज मुदत संपल्यावर आपोआप मरतो, आणि यादीत मात्र त्या मुलाने अर्ज पूर्ण केला नाही अशी नोंद होते. हे मला मान्य नाही.

आज एका नावापाशी थांबलो. दुसऱ्या वर्षाची हुशार मुलगी, गेल्या वर्षी अर्ज अचूक होता, यंदा नूतनीकरणच नाही. वहीतला नंबर मैत्रिणीच्या भावाचा. त्याने सांगितलं, डिसेंबरात लग्न झालं, आता सोनपेठ तालुक्यात असते. टाळेबंदीत पन्नास माणसांत लग्न उरकता येतं, खर्च वाचतो, म्हणून मराठवाड्यात किती मुलींची शिक्षणं अर्ध्यावर थांबली ते महाविद्यालयाच्या हजेरीपटांवरून कुणीतरी मोजायला हवं. सासरचा नंबर मिळवला. सासऱ्यांनी उचलला. मी शिकण्याबद्दल एक शब्द काढला नाही. एवढंच म्हणालो, "सरकारचे पैसे तुमच्या सुनेच्या नावावर यायचे आहेत, आधार घेऊन येता येईल का?" सासरे म्हणाले, बघतो. रकान्यात त्यांचा नंबर लिहिला.

पाच वाजता प्राचार्यांच्या लॉगिनवर दिवसाचे अर्ज पुढे गेले. सर बाजूला बसून एकेक नाव विचारतात, त्यामुळे वेळ लागतो. लागू द्यावा.

संध्याकाळी साडेसात. जेवणाआधी व्हॉट्सअॅप ग्रुपवर उद्याचा निरोप टाकतो, लिहूनही आणि आवाजातही, कारण ज्यांच्या घरी मोबाइल मोठ्यांकडे असतो तिथे आवाज सगळ्यांना ऐकू जातो. उत्तरं येत राहतात. एकाला परीक्षेचं विचारायचंय. गेल्या वर्षी 28 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही, असा निकाल दिला आणि मग घाईने बहुपर्यायी परीक्षा झाल्या. यंदा काय, हे कुणालाच माहीत नाही. माहीत नसताना अंदाज सांगायचा नाही, हा माझा नियम.

साडेनऊला फोन वाजतो. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाचा मुलगा. त्याचे वडील गेल्या सप्टेंबरात कोरोनाने गेले. विचारतो, "सर, टीसी मिळेल का?"

मार्च महिन्यात टीसी कुणी मागत नाही. परीक्षेला तीन महिने असताना टीसी मागणारा मुलगा दुसरंच काहीतरी सांगत असतो. मी फीचं विचारलं, त्याने नाही म्हटलं. घरी कोण आहे विचारलं. आई आणि बहीण. झोप लागते का विचारलं, तेव्हा तो बराच वेळ बोलला नाही.

मी लिपिक आहे, समुपदेशक नाही, आणि ते सोंग मला आणायचं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल 2020 मध्येच सगळ्या विद्यापीठांना मानसिक आरोग्यासाठी हेल्पलाइन सुरू करायला सांगितलं होतं. केंद्राने जुलै 2020 मध्ये 'मनोदर्पण' नावाची मोफत दूरध्वनी सेवा विद्यार्थ्यांसाठी सुरू केली. सेवा चांगल्या आहेत, पण आमच्या पोरांना अनोळखी आवाजाशी बोलायचं म्हणजे संकट वाटतं. त्याला सेवेचा नंबर नुसता पाठवला असता तर तो त्याने लावला नसता. म्हणून मानसशास्त्राच्या मॅडमना त्याच वेळी फोनवर जोडून घेतलं. त्यांना तो आधीपासून ओळखतो. बोलणं सुरू करून देऊन मी बाजूला झालो. पावणेअकराला मॅडमचा निरोप आला: बोललाय, आईशीही बोलले, उद्या सकाळी पुन्हा बोलू, सरकारी सेवेचा फोन आम्ही दोघं मिळून लावणार आहोत. टीसीचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

झोपण्याआधी वही उघडतो. पहाटेच्या मुलीसमोर 'झालं'. पालमच्या मुलासमोर 'बँक, मंगळवारी विचारणे'. उद्या पहाटे पाचचा फोन वेगळ्या बापाचा आहे, कर्नाटकातल्या एका कारखान्यावरचा.

वाचणाऱ्यांना एकच विनंती. तुमच्या घरात, भावकीत, गल्लीत दहावी-बारावीला असलेलं लेकरू असेल तर याच आठवड्यात त्याला आधार केंद्रावर न्या आणि त्याच्या आधारला घरात कायम राहणारा नंबर जोडून घ्या. यासाठी कुठलाही कागद लागत नाही, लेकरू स्वतः हजर असलं की पुरतं. त्याचं आधार सध्या कोणत्या बँक खात्याला जोडलेलं आहे तेही विचारून घ्या. आणि जे माझ्यासारखे टेबलामागे बसतात त्यांनी आपल्या वहीत ते दोन रकाने आखून घ्यावेत.